पाटाला लावलेलं विरजण

ताईच्या लग्नात मी जे केलं त्यावरून आमच्या घरात आजही दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, ह्यानं मुद्दाम केलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, मुद्दाम करण्याइतकी अक्कल ह्याला कधीच नव्हती. दुसऱ्या तटाची पुढारी माझी आई आहे, म्हणून मीही त्याच तटात बसतो.

मोठा दुष्काळ पडायच्या आधीचं वर्ष असावं. आम्ही नगरात राहत होतो आणि मी मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका वर्कशॉपात कामाला लागलो होतो. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या बैलगाडीत नाहीतर एसटीच्या टपावर घालून आमच्या दारात आणून टाकत, आणि आम्ही त्यांच्यात नवी तार भरून देत असू. आम्ही म्हणजे मालक. मी तारेचं दुसरं टोक धरत असे. घरी मात्र मी "आम्ही" हा शब्द असा वापरायचो की वडिलांचा समज झाला होता, मी दोन दिवस रजा घेतली तर तालुक्याची भिजवणी थांबेल.

ताईचं लग्न पाथर्डीकडच्या एका शेतकरी घरात ठरलं. नवरदेव गरीब स्वभावाचे. काहीही विचारा, "आईला विचारून सांगतो." त्यामुळे ज्यांना विचारायचं त्या बाईंकडेच आमच्या सगळ्या घराचं लक्ष. अंगानं भरभक्कम, चाल ठाम, आणि आवाज असा की दोन शेतं पलीकडच्या गड्याला त्या बसल्या जागेवरून झापू शकत. साखरपुड्याला आल्या तेव्हा ताईनं मोठ्या हौसेनं स्वतः विणलेलं क्रोशाचं तोरण पुढं केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उलटंसुलटं पाहिलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पर तोरनं लई झाली बया. जाईल तिथं तोरन. मानसानं टेकायचं कुटं?"

सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं ते वाक्य मनात नेऊन ठेवलं आणि आठवडाभर त्याच्यावर बसून राहिली. मग तिनं सुताराकडून एक सागवानी पाट करून घेतला. नेहमीपेक्षा रुंद, होणाऱ्या सासूबाईंचा अंदाज घेऊन. त्याला लाल ऑइलपेंटची जमीन, कडेनं पिवळी वेल, आणि मधोमध समोरासमोर दोन हिरवे पोपट, दोघांच्या चोचींच्या मध्ये एकच आंबा. महिनाभर ती त्या पोपटांच्या पिसांवर होती. रुखवतात तो पाट पहिल्या रांगेत मांडायचा आणि विहिणीच्या पंगतीला सासूबाईंनी त्याच्यावरच बसायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिला दुसरं काही नको होतं. त्या बाईंनी एकदा त्या पाटाकडे बघून "झकास" म्हणावं, म्हणजे पुढचा संसार सुखाचा, असा तिचा हिशेब.

पण लग्न आठवड्यावर आलं तशी तिला भलतीच भीती वाटायला लागली. "वरण सांडलं तर? हळदीचा डाग जात नाही रे. आणि उठताबसता पाटल्या-बांगड्या घासून पोपटाचं डोकंच गेलं तर?"

इथं मी तोंड उघडलं.

"मी तुला पाट काचेसारखा करून देतो," मी म्हणालो. "वरून वरण ओत, मठ्ठा ओत, पोपटाला सर्दी होणार नाही."

हे मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. वर्कशॉपात एक नवीन वस्तू आली होती. केबलच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून त्याच्यावर एक राळ ओतत. मधासारखी दाट, पाण्यासारखी स्वच्छ. रात्रभरात ती अशी कडक व्हायची की आत तार दिसायची, पण हाताला लागायची ती काच. मालकांनी तिच्यात गंमत म्हणून एक स्क्रू बुडवून टेबलावर ठेवला होता आणि येणारा प्रत्येक शेतकरी तो उचलायला जायचा.

मालक जेवायला बसले होते तेव्हा मी विचारलं. भाकरीचा घास तोंडात घेऊनच त्यांनी सांगितलं, "मोठ्या डब्यात राळ. छोट्या डब्यात तिचं विरजण. विरजण घातलं की राळ लागते. ढवळायचं मात्र नीट. आणि घालायचं किती, तर..."

तेवढ्यात जामखेड रोडचा एक बागाईतदार दारात उभा राहून, त्याची मोटार फिरते पण उलटी फिरते असं ओरडायला लागला. मालक उष्ट्या हातानं उठले. वाक्य घासाबरोबर गिळलं गेलं. पण मला त्याची फिकीर नव्हती. विरजण म्हटल्यावर पुढं समजावून घेण्यासारखं काय होतं? घरात रोज रात्री दही लागत होतं. मालक दुसऱ्या दिवशी तार आणायला पुण्याला गेले आणि मी दोन्ही डबे घेऊन घरी आलो.

"आई, विरजण किती घालतेस गं?"

"पातेलीभर दुधाला चमचाभर. जास्त झालं तर आंबट होतं."

पाट आंबट होऊ द्यायचा नाही हे मी मनाशी पक्कं केलं. एका जुन्या पातेलीत राळ ओतली, तिच्यात मोजून एक चमचा विरजण घातलं, आणि हात दुखेपर्यंत ढवळलं. मग माडीवर पाट सपाट मांडून त्याच्यावर ती राळ ओतली आणि उरलेल्या एका लग्नपत्रिकेच्या कडेनं पसरत नेली. काय सांगू! ताईचे पोपट एकदम ओले, जिवंत झाले. आंब्याला रस आला. बारीक बारीक बुडबुडे आले ते मी वाकून फुंकरीनं फोडले. शेवटची फुंकर मारून मान वर करतो तोच एक माशी आली आणि बरोबर आंब्यावर बसली. तिची पसंती मला मान्य होती, पण ती उठेचना. सुईनं काढायला गेलो तर माशी आणखी आत गेली. शेवटी मी तिला तिच्या आंब्यावर सोडून दिलं.

सकाळी उठून बोट लावलं. पाट खाली, बोट वर, आणि मध्ये एक लांबलचक तार.

"लागलं नाही," मी खाली येऊन म्हणालो.

आई चुलीपुढं होती. मी कशाबद्दल बोलतोय हे तिनं विचारलंसुद्धा नाही. "गार जागी लागत नाही. उबेला ठेव."

मी पाट गोधडीच्या आडोशाला, चुलीमागच्या भिंतीशी नेऊन ठेवला. उबेनं राळ आणखी पातळ झाली आणि एका पोपटाकडून दुसऱ्याकडे वाहायला लागली. दिवसभर मी पाट या बाजूनं त्या बाजूनं कलता करत बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अजून लागलं नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग दूधच चांगलं नसणार."

लग्न परवावर आलं होतं. ताई येता जाता विचारत होती, "झाला का रे? बघू दे की." मालक पुण्यात. राळ आता वाहायची थांबली होती, पण गुळाच्या चिक्कीवर घाम आल्यासारखी चिकट होती. अशा वेळी माणसाला कल्पना सुचू नये. मला सुचली. ताईच्याच रुखवताच्या पेटीतला पावडरचा डबा घेतला, पाटावर सढळ हातानं पावडर मारली, आणि फडक्यानं हलकेच पुसली. चिकटपणा गेला! हात फिरवला तर गुळगुळीत. वर एक मंद वासही, सुवासिनीच्या पाटाला शोभेलसा.

ताईनं पाट पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटाच्या पाठीनं तिनं पोपटाला हलकेच स्पर्श केला.

"अगदी काच रे! पूर्ण लागलं ना?"

"लागलं म्हणजे? दगड झालाय."

"आणि ही माशी?"

मी काहीतरी शास्त्रीय सांगण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू आत आल्या, पाटावर वाकल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई, माशी काय हुबेहूब काढलीयेस! आता उडेल वाटतं!" ताईनं माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तिलाच फार वेळ लागला."

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं. घरापुढच्या मोकळ्या जागेत मांडव. अक्षता पडल्या, घाम आला, वाजंत्री दमली, आणि विहिणीची पंगत बसली. पाटाभोवती रांगोळी, पुढं उदबत्ती. सासूबाई, म्हणजे आता खऱ्याखुऱ्या सासूबाई, नवीन गर्भरेशमी नऊवारी लुगडं नेसून आल्या. पाटापाशी येऊन थांबल्या.

"हे तू काडलंस, पोरी?"

ताई मुंडावळ्यांआडून "हो" म्हणाली.

"माशी बी?"

"हो."

"झकास!" त्या म्हणाल्या, आणि त्या झकासवर आपलं सगळं वजन ठेवून बसल्या. ताई आत गेली ती जवळजवळ नाचतच.

मी मठ्ठ्याचा जग घेऊन वाढत होतो. पंगत संपता संपत नव्हती, कारण आई विहिणीला आग्रह करत होती. एक जिलबी, आणखी एक जिलबी, माझी शपथ, त्यांची शपथ. वर दुपारचं ऊन, मांडवात भट्टी, आणि पाटावर विहीणबाई. उबेला ठेव, हा आईचा सल्ला खऱ्या अर्थानं त्या दिवशी अमलात आला. आग्रहानं माणूस सुस्तावतं हे मी पाहिलं होतं. आग्रहानं माणूस चिकटतं हे मात्र नवीन होतं.

हात धुवायला बहुतेक बायका उठल्या. विहीणबाईंनीही जमिनीला हात टेकला आणि उठल्या. त्यांच्याबरोबर पाटही उठला. चार बोटं वर येऊन तो परत जमिनीवर आदळला. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पदर सावरला आणि जणू आपण उठलोच नव्हतो अशा चेहऱ्यानं समोर बघत राहिल्या. हे फक्त मी पाहिलं. माझा जग नवरदेवाच्या आत्याच्या ताटात तसाच वाकडा होता आणि त्यांच्या भातात मठ्ठ्याचं तळं झालं होतं.

"विहीणबाई, चला ना आत," आई म्हणाली.

"बसते जरा."

आई थबकली. पंगत झाल्यावर विहीण बसते म्हणाली, तर त्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. कुजबूज मांडवाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला पोचायला दोन श्वास लागले नाहीत. विहीणबाई रुसल्या!

आमचे मामा असल्या वाटाघाटींसाठीच जन्माला आले होते. ते हात जोडून पुढं झाले. "काय चुकलं आमचं, विहीणबाई?"

"काय न्हाई."

"काय न्हाई" हे तर फारच गंभीर. मामांनी आईकडे पाहिलं, आईनं डोळे मिटले. जिलबीची परात आली. "नगं." ओटीत घालायला नारळ पुढं केला. "नगं म्हनते ना!" तांब्याचा घडा आणला. त्यांनी घड्याकडे असं पाहिलं की धरणाऱ्यानं तो स्वतःच्या पायावर सोडला.

नवरदेवाचे वडील लांबून ओरडले, "आगं, काय पायजे त्ये एकदाच माग ना! यष्टीचा टाइम व्हतोय वऱ्हाडाचा!"

"तुमी गप बसा!"

नवरदेव हळूच पुढं आले. "आई, काय पाहिजे तुला?"

"तुजा बाप आवर, येवडंच पायजे."

एवढ्या पुरुषमाणसांपुढं ती बाई सांगणार तरी काय? मामांना मात्र आता उलगडा झाला. "लुगडं!" ते आईच्या कानाशी म्हणाले, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं. "मानाचं लुगडं पसंत पडलं नसणार. मी बाजारातून उंची लुगडं घेऊन येतो. कोणी त्यांना उठवू नका!" आणि सायकल घेऊन सुटले. त्यांना उठवणं कोणाच्याच हातात नव्हतं, हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी खांबाआड उभा राहून खांबासारखा दिसायचा प्रयत्न करत होतो.

आत ताईला कुणीतरी जाऊन सांगितलं, सासूबाई पाटावर बसून रुसल्यात. पाटावर! तिला वाटलं, पोपटांत काहीतरी खोट निघाली. अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या, अशी ती सरळ मांडवात आली आणि सासूपाशी गुडघे टेकून बसली. मी नेमका मागच्या खांबाशी, म्हणून मला ऐकू आलं.

"पाट आवडला नाही का हो?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आवडला गं बाय. पर त्या पाटाला मी त्येच्याहून आवडले. सोडंनाच मला."

ताईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि खांबाआड मला बरोबर शोधून काढलं.

"पूर्ण लागलाय म्हणाला होतास ना?"

"लागलाय की," विहीणबाई दात दाबून म्हणाल्या. "मलाच लागलाय."

ताई ओठ चावत होती. आता ही रडते, असं मला वाटलं. पण तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला, मांजर शिंकल्यासारखा. विहीणबाईंनी तिला चिमटा काढला आणि पुढच्या क्षणी त्यांचेही खांदे हलायला लागले. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, सासू-सून गळ्यात पडून रडताहेत. दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदरही लावला.

ताई उठली ती हुकूम सोडतच. "सगळे पुरुष बाहेर. अंतरपाट आणा."

"लग्न झालं की गं आता!" भटजी म्हणाले.

"आणा म्हणते ना!"

अंतरपाट आला. घरच्या चार बायकांनी तो विहीणबाईंभोवती धरला. तेवढ्यात मामा घामाघूम होऊन लुगडं घेऊन पोचले. ते लुगडं अंतरपाटावरून आत गेलं. आतून कुजबूज, मग दबलेलं हसणं, मग कापड फाटल्याचा टर्रकन आवाज, आणि विहीणबाईंचा मोकळा झालेला सुस्कारा. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा त्या नव्या लुगड्यात, हसतमुख, पाटापासून वेगळ्या, स्वतंत्र उभ्या होत्या. जुनं लुगडं पाटावर बसून होतं.

बाहेर जमलेल्या लोकांनी काय पाहिलं? विहीण रुसली. लुगडं आलं. विहीण हसली. नवरदेवाच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "लुगड्यासाठी! आगं, लुगड्यासाठी पंचाईत केलीस व्हय समद्यांची?"

विहीणबाईंनी तोंड उघडलं. पाट कुणी केला, राळ कुणी फासली, हे एका वाक्यात सांगून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या, आणि आमच्या घराची शोभा पाथर्डीपर्यंत गेली असती. ताई त्यांच्या शेजारी उभी होती. हसणं कधीच विरलं होतं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"व्हय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लुगड्यासाठी. तुमी कदी घेतलं व्हतं का असलं?"

सासरे यष्टी आली का बघायला निघाले. मामा तर अजून सांगतात की त्या लग्नातला रुसवा आपण काढला.

मालक पुण्याहून थेट शेवटच्या पंगतीला पोचले. मी त्यांना माडीवर नेऊन सतरंजीत गुंडाळलेला पाट दाखवला. रेशमाचा पोपटांवर आता चांगलाच जीव जडला होता. मालकांनी पाटावर बोट दाबून पाहिलं.

"विरजण किती घातलंस?"

"चमचाभर."

"गाढवा! निम्मी राळ तर निम्मं विरजण घालतात!"

"मग त्याला विरजण कशाला म्हणायचं?" मी म्हणालो.

संध्याकाळी पाठवणी. जीप दारात उभी. आई, मावश्या, शेजारच्या काकू, सगळ्यांनी रडण्याची पूर्ण तयारी केली होती. ताई सगळ्यांच्या पाया पडली. मी लांबच होतो. जीपमध्ये चढता चढता विहीणबाईंनी मला हाक मारली.

"ओ पावनं! या हिकडं. मेव्हन्यानं नवरदेवाचा कान पिळायचा आसतो म्हनं. सकाळी तुमी माज्या लेकाचा पिळला न्हवं?"

"रीतच आहे ती," मी म्हणालो.

"आता आमच्या गावची रीत बगा."

त्यांनी माझा कान धरला. शेतात राबलेला हात तो. कान मुळापासून एक पूर्ण फेरा घेऊन परत जागेवर आला. "माजं रेशमी लुगडं हुतं त्ये," त्या हळूच म्हणाल्या, आणि ताईच्या शेजारी जाऊन बसल्या. ताईनं माझ्या कानाकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. विहीणबाईंनी आपल्या पदराचा कोंबला. जीप सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावर त्या दोघी एकमेकींवर कलंडत होत्या आणि नवरदेव पुढून वळून वळून विचारत होते, "काय झालं? आई, काय झालं?"

मांडवात बायका हमसून रडायच्या तयारीत तशाच उभ्या राहिल्या.

"रडली नाही गं पोरगी," आई म्हणाली. "एक टिपूस काढला नाही. हसत गेली मेली."

नगरात ते पुढं बरेच दिवस बोललं गेलं. पण त्या संध्याकाळी आमच्या दारात अगदी कोणीच रडलं नाही असं मात्र नाही. माझे डोळे चांगले भरून आले होते, आणि काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होत्या, "भावाचा किती जीव बघा!"